निर्वेध, निजोखमी : वसईतील जुन्या घरांच्या विक्रीविषयी

मराठीच्या अभ्यासक्रमात बखर येते, आज्ञापत्र येते, महानुभावांचे गद्य येते. खरेदीखत येत नाही. वास्तविक मराठी गद्याचा जो प्रकार सर्वाधिक लोकांच्या आयुष्याला थेट भिडतो, ज्याच्या एका शब्दावरून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात, तो हाच. आम्ही वसई-विरारच्या परिसरात शिकवतो. येथे जुने घर विकायला निघणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे आणि त्या निमित्ताने घरातले कागद अधूनमधून आमच्या टेबलावर येतात. विद्यार्थ्यांना त्यातला एखादा शब्द अडलेला असतो. प्रस्तुत लेख त्या अडलेल्या शब्दांमधूनच सुचला.

प्रथम घराविषयी. गास, निर्मळ, वाघोली, भुईगाव, नंदाखाल, आगाशी या पश्चिम पट्ट्यातले जुने घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. ओटी, माजघर, पडवी. अंगणात तुळशीवृंदावन किंवा क्रूस. मागे केळीची, फुलांची किंवा विड्याच्या पानांची वाडी. वाडीत विहीर, विहिरीवर एके काळी रहाट. आणि जवळपास पावसाचे पाणी धरून ठेवणारे बावखल. हा सगळा मिळून एक संसार असतो. वसई म्हटले की बाहेरचा माणूस लगेच 'पोर्तुगीज घर' म्हणतो. पोर्तुगीजांचा अंमल १५३४ साली सुरू झाला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर संपला. आज विकायला निघणारी, आमच्या पाहण्यातली घरे त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी उभी राहिलेली आहेत. त्यांच्यावरची चपटी कौले मंगळूरहून सुरू झालेल्या पद्धतीची. बाझेल मिशनने तेथे कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली. वाडीतला माल मुंबईच्या बाजारात नेण्याची सोय झाली आणि त्या पैशातून पुष्कळ घरांना हे रूप आले असावे.

तीच रेल्वे पुढे या घरांच्या मुळावर आली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली, १९९० मध्ये या उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली दिसते. मधल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन झाले, त्याचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा आहे. येथे एवढेच नोंदवायचे, की या स्थित्यंतरात घर आणि त्याखालची जमीन यांची फारकत झाली.

अमेरिकेत घर विकायचे झाले तर मालक भिंती रंगवतो, अडगळ काढतो, भाड्याने फर्निचर आणून मांडतो. येणाऱ्याला तेथे आपला संसार दिसावा, ही त्यामागची कल्पना. गोव्यात जुन्या घराचे जुनेपणच विकले जाते. खिडक्यांतल्या शिंपल्यांच्या तावदानांसाठी आणि बाल्कांवसाठी दिल्ली-मुंबईचा ग्राहक तेथे जातो. वसईत यातले काही चालत नाही. घराला नवा रंग दिला तर दलाल हसतो. येथे येणारा ग्राहक बहुधा घर पाहतच नाही. तो रस्त्याची रुंदी आणि जागेचे क्षेत्रफळ पाहतो. घर म्हणजे त्याच्या लेखी पाडण्याचा खर्च.

मग येथे घर विक्रीसाठी 'तयार' करणे म्हणजे काय? उत्तर कागदात आहे. गावठाणातल्या घराला अनेकदा सातबारा नसतो, नुसती घरपट्टीची पावती असते, आणि घरपट्टी हा मालकीचा पुरावा नव्हे हे विक्रीच्या वेळी कळते. वाडीतल्या घराला सातबारा असतो, पण त्यावर आजोबांचे नाव असते, 'इतर हक्कां'त एखाद्या कुळाचे, सोसायटीच्या कर्जाचा बोजाही असतो. जमीन शेतीची असेल तर १९४८ च्या कूळ कायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीवाचून घेता येत नाही. त्याहून जुने कागद मोडीत असतात. (मराठीचे पदवीधर काय करणार, असे विचारणाऱ्यांनी मोडी वाचणाऱ्याला जमिनीच्या व्यवहारात किती मान आहे ते पाहावे.)

या सगळ्या खटाटोपाचे साध्य एका शब्दात सांगितलेले असते. मिळकत 'निर्वेध, निजोखमी व बिनबोजाची' आहे, असे विकणारा लिहून देतो. आमच्या मते या व्यवहाराचा सारा इतिहास या 'निर्वेध'मध्ये आहे. मराठेशाहीतल्या इनामाच्या सनदा पाहाव्यात. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह जमीन दिली, असे त्यात म्हटलेले असते. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, इतकेच काय, पुरलेले धन आणि ठेवसुद्धा. ही शब्दमाळ आजच्या खरेदीखतांतही टिकून आहे. ती टंकणाऱ्याला 'निक्षेप' म्हणजे काय ते ठाऊक नसले तरी. परंतु सनदेत तिच्या पुढे आणखी एक पद असे : 'खेरीज हक्कदार व इनामदार करून'. म्हणजे सर्व काही दिले, पण जमिनीवर आधीपासून ज्यांचे हक्क आहेत ते वगळून. सनद म्हणजे खरेदीखत नव्हे, हा फरक ध्यानात ठेवूनही म्हणता येईल, की त्या गद्याने एका जमिनीवर अनेकांचे हक्क एकाच वेळी नांदतात हे गृहीत धरले होते. आजच्या खताने शब्दमाळ ठेवली आणि ते 'खेरीज' टाकून दिले. आता कोणीच उरता कामा नये.

न उरण्याची पाळी बहुधा प्रथम येते ती बहिणींवर. कायदा त्यांच्या बाजूने आहे. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा उत्तराधिकार कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. हिंदू कुटुंबांत १९५६ च्या कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला, पण कुटुंबाच्या राहत्या घरापुरते कलम २३ घालून तो हातचा राखला. पुरुष वारस वाटणीला तयार होईपर्यंत तिने वाटणी मागू नये, असे ते कलम. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले ते आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या दुरुस्तीने कलम २३ गेले, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले.

कायद्याची ही वाटचाल एकीकडे आणि हक्कसोडपत्र दुसरीकडे. 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' बहीण आपला हक्क सोडते. राजीखुशीचा इतका गजर ज्या गद्यात करावा लागतो, त्यात राजी कितपत आणि खुशी कितपत, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. काही बहिणी खरोखर मनापासून सोडतात, माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून. हीही एक किंमतच, फक्त खतात तिचा आकडा नसतो. आणि जो दरवाजा उघडा राहावा म्हणून तिने सही केली, तोच पुढे महिन्या-दोन महिन्यांत विकला जातो.

यानंतर वृत्तपत्रात जी जाहिरात येते ती ग्राहकाला बोलावणारी नसते. ती 'जाहीर नोटीस' असते. वकील आपल्या अशिलातर्फे कळवतात, की सदर मिळकतीवर कोणाचा विक्री, गहाण, दान, बक्षीस, वारसा, कूळ, वहिवाट, पोटगी वा अन्य कोणताही हक्क असल्यास त्याने चौदा दिवसांत पुराव्यानिशी कळवावे. अन्यथा तसा हक्क नाही, आणि असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजण्यात येईल. माणसाचे जमिनीशी जितक्या प्रकारचे नाते असू शकते त्याची इतकी भरगच्च यादी आम्हांला दुसऱ्या कोणत्याही मराठी मजकुरात आढळलेली नाही. यादी संपताच ती नाती रद्द होतात. बावखलात पोहायला शिकलेली गल्लीतली मुले, विहिरीचे पाणी नेणारे शेजारी, या यादीत कोठे बसतील? वहिवाटीत बसतीलही कदाचित, पण नोटिशीला उत्तर देणार कोण?

जाता जाता भाषेची एक गंमत. खरेदीखत, दस्त, वारस हे सारे शब्द फारसी-अरबी वळणाचे. दोनशे वर्षे राज्य करून गेलेल्या पोर्तुगीजांचा मागमूस आमच्या पाहण्यातल्या खतांत नाही. त्यांनी मराठीला चावी दिली, बिजागरी दिली आणि लिलाव दिला.

त्या बिजागऱ्या शेवटी वजनावर जातात. खरेदीखत नोंदले, की घर उतरवणारा येतो. सागवानी खांब, दारे-खिडक्या वेगळ्या काढल्या जातात, आणि अशा जुन्या लाकडाला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात गिऱ्हाईक मिळते. धड राहिलेली कौले कोणाच्या तरी गोठ्यावर चढतात. बावखल भरावाखाली जाते. विहीर मात्र काही काळ तशीच राहते, कारण बांधकामाला पाणी लागते.