पांगळेपणाचा माग

आमच्या भंडारा जिल्ह्यात धान कापणीला यायच्या थोडं आधी ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी देणं नाही. धान निघेपर्यंत खाली लाखोळी उगवलेली असते. पुढे निळसर फुलं येतात, कोवळ्या शेंड्यांची भाजी होते आणि शेवटी पाचरीसारखा तिकोनी दाणा हाती येतो. डाळ पिवळी, तुरीत मिसळली तर ओळखू न येणारी. मी ती लहानपणापासून खात आलो आणि आरोग्य सेवक म्हणून नोकरी करताना तिच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. याच दाण्याने हजारो माणसांचे पाय नेले. ते का गेले याचा शोध शंभरावर वर्षं चालला, आणि माझ्या मते तो अर्ध्यावरच थांबला.

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ओळखतो त्या विल्यम स्लीमनने १८४४ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात सागरकडची हकिकत दिली आहे. लागोपाठच्या वर्षांत गारपीट आणि तांबेऱ्याने गहू बुडाला. शेतात टिकला तो तिवरा, म्हणजे आपली लाखोळीच. लोकांनी तोच खाल्ला. १८३३ पासून गावोगावची तरणी पोरं कमरेखाली लुळी पडू लागली, आणि एकदा आजार जडलेला कुणीही बरा झाला नाही, असं तो लिहितो. पुढे १८६० च्या आसपास अलाहाबादचे सिव्हिल सर्जन जेम्स आयर्विंग यांनी त्या भागातले असे पांगळे तपासले आणि बोट याच डाळीकडे दाखवलं. नेपल्सच्या आर्नाल्दो कांतानी यांनी १८७३ मध्ये आजाराला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिलं. आपल्याकडे तर सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ‘त्रिपुट’ हे कडधान्य माणसाला लंगडं-पांगळं करतं, अशी नोंद आहेच.

हा आजार कसा दिसतो? रात्री धडधाकट झोपलेला गडी सकाळी उठतो तो पोटऱ्या ताठरलेल्या. टाच टेकत नाही. चवड्यांवर चालताना गुडघे एकमेकांवर घासतात, पाय कात्रीसारखे आडवे पडतात. पायाला चिमटा काढला तर कळतो. हात, वाचा, स्मरण सगळं शाबूत. मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून पायांपर्यंत नेणारे तंतू तेवढे निकामी झालेले. ह्यू ॲक्टन यांनी १९२२ मध्ये या रोग्यांच्या पायऱ्या लावल्या त्या काठीवरून: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी हातांवर सरपटणारा. कुठल्याही यंत्राविना गावच्या ओट्यावर बसून लावता येईल अशी ही मोजणी आहे. माणूस मरत नाही, पुढची सगळी वर्षं तसाच काढतो.

कारण इतकं समोर असूनही प्रयोगशाळेत माग चुकत राहिला. अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसेन यांनी १९२५ मध्ये दोष लाखोळीचा नसून तिच्यात मिसळणाऱ्या ‘अकटा’ नावाच्या तणाच्या बियांचा आहे, असं मांडलं. दुसरीकडे उंदरांना लाखोळीच्याच कुळातला शोभेचा स्वीट पी खाऊ घातला गेला. त्यांची हाडं वेडीवाकडी झाली, त्यामागचं द्रव्यही १९५४ मध्ये सापडलं. पण तो आजार हाडांचा होता, माणसाच्या मज्जारज्जूचा नव्हे. अखेर १९६४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सर्मा यांनी लाखोळीतून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. ते टोचल्यावर कोंबडीच्या पिलांना झटके येत. त्याच वर्षी दिल्लीच्या संशोधकांनीही तेच द्रव्य शोधलं. आज त्याला ओडॅप म्हणतात.

इथे बहुतेकांनी शोध संपला असं मानलं. पण मग आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ही डाळ खाणारी घरं चालती-फिरती कशी राहिली? उत्तर ताटात आहे. भात, भाजी, इतर डाळींसोबत अधूनमधून लाखोळी खाणाऱ्याला ती सहसा बाधत नाही. महिनोन्‌महिने पोट मुख्यतः तिच्यावरच भरावं लागलं, की पाय जातात. रीवा भागात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मापून मिळे. ज्याचं शेत त्याच्या घरी मात्र गहू शिजे. १९४२-४३ मध्ये रुमानियाच्या ताब्यातल्या वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना रोज ४०० ग्रॅम हेच कडधान्य उकडून दिलं गेलं आणि काही महिन्यांत शेकडो जण लुळे झाले. स्वतः कैदी असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखलं आणि कैद्यांनी ते अन्न नाकारलं. रीव्याच्या मजुराला असं नाकारून दुसरं काय मिळणार होतं?

१९६१ मध्ये सरकारने लाखोळीच्या विक्रीवर बंदी आणली. बंदी विक्रीवर होती. शेतात पिकलेलं आणि घरच्या चुलीवर शिजलेलं तिच्या हाती लागलं नाही. वेठबिगारी मोडणारा कायदा आला १९७६ मध्ये. या दोन तारखांमधली पंधरा वर्षं मला अस्वस्थ करतात. दाण्याला आधी दोषी ठरवलं, तो दाणा मजुरी म्हणून देणाऱ्या व्यवस्थेला फार नंतर.

डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं की विष बरंच कमी होतं. रतन, प्रतीक, महातिवडा हे कमी विषाचे वाणही निघाले आहेत. ते लावावेत, डाळ भिजवूनच शिजवावी, हे मी प्रत्येकाला सांगतो. पण गेलेले पाय परत आणणारं औषध आजही नाही. म्हणून दुष्काळात रेशनवर गहू-तांदूळ वेळेवर पोचणं हाच या रोगावरचा खरा उपाय आहे, आणि कुठल्याही गावात असे न उलगडणारे लुळे पाय दिसले, तर तपासणाऱ्याने रक्ताच्या नमुन्याबरोबर एवढंही नोंदवावं: या माणसाला दुसरं काही खायला मिळत होतं का, आणि नसेल तर कुणामुळे.