अ‍ॅम्प्लिफायर घरच्या प्लगवर लावताय? आधी हे गणित बघा

खडकीत आमच्या सोसायटीच्या गणपतीत साउंडचं काम माझ्याकडे असतं. दिवसा कोडिंग, रात्री वायरी. एका वर्षी ऐन आरतीत जळका वास आला. बघतो तर एक्स्टेन्शन बोर्डाचं प्लॅस्टिक वितळत होतं आणि एमसीबी मात्र पडलाच नव्हता! असं का झालं, ते आज समजून घेऊ.

सॉकेट किती देतं?
आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. छोटं सॉकेट ६ अ‍ॅम्पिअरचं, म्हणजे २३० × ६ = १३८० वॅट. गीझर-एसीचं मोठं सॉकेट १६ अ‍ॅम्पिअरचं, म्हणजे ३६८० वॅट.

अ‍ॅम्प्लिफायर किती ओढतो?
खोक्यावरचा 'पीएमपीओ' आकडा विसरा, तो जाहिरातीपुरता. मागच्या लेबलवर इनपुट वॅट किंवा अ‍ॅम्पिअर बघा. १००० वॅट आरएमएस आउटपुट पूर्ण ताकदीने द्यायला क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायर (कार्यक्षमता साधारण ६०%) सुमारे १६७० वॅट, म्हणजे ७ अ‍ॅम्पिअरच्या वर ओढतो. क्लास डी (साधारण ८५%) ५ अ‍ॅम्पिअरमध्ये भागवतो. गाणं वाजताना सरासरी याहून बरीच कमी असते, पण बेसच्या ठोक्याला करंट उडी मारतो.

मग बोर्ड का वितळला?
आमचा ६ अ‍ॅम्पिअरचा बोर्ड कन्व्हर्टर लावून १६ च्या सॉकेटमध्ये घातला होता. अ‍ॅम्प्लिफायर आणि हॅलोजन मिळून १० अ‍ॅम्पिअरच्या आसपास. १६ चा एमसीबी कशाला पडेल? त्यात पिन सैल. सैल जोडात अर्धा ओहम रोध असला, तर १० अ‍ॅम्पिअरला तिथे ५० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे बोर्डाच्या आत सोल्डरिंग गनच चालू!

काय करायचं?
- मोठा अ‍ॅम्प्लिफायर थेट १६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर लावा. कन्व्हर्टर नको.
- एक्स्टेन्शन लागलंच तर २.५ चौरस मिमी तांब्याची तीन कोअर वायर घ्या, टॉप आणि सॉकेटही १६ चेच. गुंडाळी पूर्ण सोडा, नाहीतर आत गरमी साठते.
- दिवे वेगळ्या सर्किटवर घ्या.
- आधी मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर चालू करा. बंद करताना उलट. दोन अ‍ॅम्प्लिफायर असतील तर एकेक करून, कारण सुरुवातीच्या झटक्यालाच एमसीबी पडू शकतो.
- एमसीबी सारखा पडतोय म्हणून मोठा बसवू नका. तो भिंतीतल्या वायरीला वाचवायला असतो.

अर्थ पिन तोडू नका!
स्पीकरमध्ये 'हम्म' आवाज आला की काही जण अर्थ पिन काढून टाकतात. आवाज जातोही. पण आत बिघाड झाला तर अ‍ॅम्प्लिफायरची बॉडी लाइव्ह होते आणि माइक धरणाऱ्याला शॉक बसतो. त्याऐवजी सगळी उपकरणं एकाच सर्किटवर लावा, बॅलन्स्ड केबल किंवा डीआय बॉक्स वापरा. ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी हवाच. त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

मंडप मोठा असेल तर घरातून वायर ओढू नका. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन मिळतं, ते घ्या.

आता मी अर्धा तास साउंड चालवतो, स्विच बंद करून टॉप काढतो आणि मग पिन बघतो. गरम असेल तर त्या सॉकेटवर आरती नाही.