कागद आधी, गिरणी मग

1874 साली जमशेटजी टाटांनी नागपुरात गिरणी काढायचे ठरवले. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून घ्यावी लागली. सोने मातीत पुरणारा माणूस म्हणून एका सावकाराने त्यांना भांडवल नाकारले, अशी हकिकत सांगतात. एम्प्रेस मिल नावाची ही गिरणी सुरू झाली 1 जानेवारी 1877 रोजी. कंपनीची कागदोपत्री नोंदणी मात्र त्याआधीच झाली होती: सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, भांडवल 15 लाख रुपये.

हा क्रम महत्त्वाचा. 1857च्या कायद्याने भारतात मर्यादित जबाबदारीची सोय आली होती. धंदा बुडाला तरी भागधारकाच्या घरादारावर जप्ती येणार नव्हती. एम्प्रेस मिलच्या उभारणीत विटांइतकाच या कलमाचा वाटा होता.

आज नागपुरातून संत्रा बर्फी किंवा सावजी मसाला ऑनलाइन विकणाऱ्याला दलदल भरावी लागत नाही. दुकान एका रात्रीत उघडते, आणि चूक तिथेच होते: कागद मागे राहतात. वेबसाइटचे नावही ट्रेडमार्कसारखे जपले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात सांगितले. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते. खाद्यपदार्थ असेल तर अन्न परवाना वेगळाच.

मदतही जवळच आहे: पेटंट माहिती केंद्र 1980 पासून नागपुरातच आहे. वकिलांची तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ असलेल्या या शहरात वाण नाही. नाव छापण्याआधी, पहिली ऑर्डर घेण्याआधी, त्यांच्यापैकी एकाला जरूर भेटा.