पंखा-नियंत्रक (संगणकातील)

पंखा-नियंत्रक : डेस्कटॉप संगणकातील पंख्यांचा वेग गरजेपुरताच ठेवून आवाज उतरवणारे साधन. बाजारात ‘फॅन कंट्रोलर’ याच नावाने मिळते. ते कॅबिनेटमध्ये वेगळे बसवता येते. अलीकडच्या बहुतेक मदरबोर्डांत ही सोय मुळातच असते.

आपल्याकडे ज्या पेटीला सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात, तिची घरघर मुख्यतः पंख्यांची. एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या पेटीच्या) १२ व्होल्टवर थेट जोडलेला पंखा काम असो-नसो, पूर्ण वेगाने फिरतो. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने खाली येतो. १० डेसिबलची घटसुद्धा कानाला आवाज अर्ध्यावर आल्यासारखी वाटते. म्हणूनच पूर्ण वेगाच्या एका पंख्यापेक्षा निम्म्या वेगाचे तसेच दोन पंखे बरे. हवा जवळपास तेवढीच, आवाज सुमारे १२ डेसिबल कमी.

तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज उतरवून कमी करतात. लिनिअर रेग्युलेटर वापरला तर उरलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते : ०.२ अँपिअरचा पंखा ७ व्होल्टवर चालवताना फार तर १ वॅट. व्होल्टेज फार उतरवले, तर पंखा सुरूच होत नाही. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेवरून सुमारे २५ किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा) संकेत वेग ठरवतो. ही वारंवारता कानाच्या टप्प्याबाहेरची आहे. नवी खरेदी असेल, तर चार पिनांचाच पंखा घ्यावा.

बसवण्याआधी प्लग काढून पॉवरचे बटण एकदा दाबावे, म्हणजे साठलेली वीज उतरते; कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातला स्थिर विद्युत्भारही घालवावा. मदरबोर्डवरील पंख्याची जोडणी साधारणतः १ अँपिअरपुरती असते. जास्त पंखे असतील, तर एसएमपीएसमधून वीज घेणारा नियंत्रक हवा. प्रोसेसरचा पंखा मात्र मदरबोर्डवरच्या त्याच्या नेमून दिलेल्या जागीच राहू द्यावा. तिथे फेऱ्यांचा संकेत पोचला नाही, तर संगणक सुरू होतानाच चूक दाखवतो. एसएमपीएसच्या आतल्या पंख्यासाठी ती पेटी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरांत धोकादायक व्होल्टेज उरलेले असू शकते.

खरे काम बसवल्यानंतर सुरू होते : किती तापमानाला किती वेग, हे ठरवण्याचे. विदर्भातल्या रामटेकसारख्या गावी हे गणित एकदा मांडून भागत नाही. थंडीत रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर येतो, तर मेअखेरीच्या नवतपाच्या (कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) आगेमागे दुपारी ४५ अंशांच्या घरात जातो. काम आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच अधिक तापतो. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर असणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८५ वर पोचतो. हिवाळ्यात हाताने फिरवून ठेवलेली कळ उन्हाळ्यात तशीच राहिली, तर यंत्र तापून मंदावते. विदर्भात म्हणूनच तापमान पाहून आपोआप वेग बदलणारी रचना घ्यावी. उन्हाळ्यात दिवसभर खोलीत कूलर घोंगावत असतो. त्याच्यापुढे संगणकाचा पंखा ऐकूच येत नाही, तेव्हा तो मोकळेपणाने फिरू द्यावा.

शांततेची खरी गरज थंडीत, कूलर बंद असताना. १९९७ पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय असलेल्या रामटेकमध्ये कुणी घरी कालिदासाच्या मेघदूताचे पठण ध्वनिमुद्रित करू लागले, की ही गोष्ट चटकन कळते. मेघदूताच्या मंदाक्रांता वृत्तात चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर यतिस्थान (थांबा) येते आणि माइक पंख्याची घरघर नेमकी त्याच थांब्यात पकडतो. सतत चढउतार करणारा पंखा तर अधिकच खुपतो. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती वापरावी.

नियंत्रकाने सगळे आवाज जात नाहीत. बेअरिंग झिजलेला पंखा हळू फिरतानाही खरखरतो, तो बदलावाच लागतो. जाळीवर धूळ बसली की प्रोसेसर लवकर तापतो आणि नियंत्रक वेग वाढवत राहतो. जुन्या संगणकातली मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क पत्र्याला कंप देते; तिच्या स्क्रूंखाली रबरी वॉशर घालावे लागतात.