गळवाची बखर

फराळाचे ताट पुढ्यात असताना गळवाचा विषय काढणे शिष्टसंमत नव्हे, हे मी जाणतो. पण ज्या घरात कोणाला कधी गळू झाले नाही, असे एक तरी घर वाचकांनी मला दाखवावे! राजेलोकही यातून सुटले नाहीत. यहुदी राजा हिज्कीया याच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधल्याची हकिकत बायबलच्या जुन्या करारात आहे.

आमच्याकडे अंजिरांची चैन नव्हती. अळशी कुटून शिजवायची, फडक्यावर पसरायची आणि सोसेल तितकी गरम बांधायची. निवली की दुसरी. आम्ही मुले ठणक्याने रडकुंडीला येऊन "फोडून टाक एकदाचे" म्हणत असू. पण आजी बोट लावू देत नसे. "पिकू दे, तोंड येऊ दे," एवढेच तिचे उत्तर.

हा धीर किती जुना, ते मला पुढे सुश्रुतसंहिता चाळताना कळले. सुश्रुताने सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : आम, पच्यमान आणि पक्व. पिकू लागलेल्या सुजेत जणू सुया टोचतात, मुंग्या डसतात. विंचू चावलेल्या माणसासारखे बसता-निजता चैन पडत नाही. हे लिहिणाऱ्याला स्वतःला कधीतरी गळू झाले असावे, अशी माझी खात्री आहे! अज्ञानाने कच्चे गळू चिरणारा आणि पिकलेल्याची हेळसांड करणारा, या दोघांनाही त्याने एकाच पंक्तीला बसवले आहे. आणि ती पंक्ती काही मानाची नव्हे.

शेकाने त्या जागी रक्ताचा ओघ वाढतो, रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी जमतात, आणि पू एका जागी येऊन वाट काढतो. अळशीचे काम ऊब धरून ठेवण्यापुरते. स्वच्छ फडके गरम पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवले तरी तेच साधते.

पण गळू येते कशाने? आजी म्हणे, आंब्यांच्या उष्णतेने. बिचारे आंबे! पाश्चरने 1880 साली गळवातल्या पुवात सूक्ष्म जंतू असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टन या शस्त्रवैद्यालाही पुवात गोल जंतूंचे झुबके दिसले. घरामागच्या छोट्याशा प्रयोगशाळेत त्याने ते चक्क कोंबडीच्या अंड्यांत वाढवले. पू टोचलेल्या प्राण्यांना गळवे झाली; तोच पू तापवून टोचला, तेव्हा झाली नाहीत. 1882 मध्ये द्राक्षांच्या घोसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने या जंतूला नाव दिले : स्टॅफिलोकॉकस.

आता आमच्या घरातले चित्र आठवा. वाहत्या गळवाचे फडके, तेच हात, आणि साऱ्या भावंडांत मिळून एक पंचा! एकाचे बरे होते न होते तोच दुसऱ्याला येई, आणि आंब्यांना पुन्हा शिव्या बसत. पोटिसाने जे कमावले, ते पंचाने घालवले. गळू झाकून ठेवणे, हात लावल्यावर साबणाने धुणे, पंचा व वस्तरा ज्याचा त्याने वेगळा ठेवणे, कपडे गरम पाण्यात धुणे, यांत खर्च तो काय?

आणि पिळणे नको, नाकाजवळचे व ओठावरचे तर मुळीच नको. रशियन संगीतकार स्क्र्याबिन 1915 साली ऐन त्रेचाळिशीत वारला, तो वरच्या ओठावरच्या अशाच एका फोडाचे विष रक्तात भिनून. चेहऱ्यावरचे गळू, ताप, पसरत जाणारी लाली किंवा मधुमेह असेल, तर घरच्या पोटिसावर न राहता डॉक्टर गाठावा.

फ्लेमिंगला 1928 मध्ये पेनिसिलिन सापडले, ते हाच जंतू वाढवलेल्या बशीत. आपल्या पिंपरीच्या कारखान्यातून 1955 पासून ते निघू लागले, तेव्हा गळवांचा निकाल लागला असेच लोकांना वाटले असेल. पण तोवर पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जाती फैलावल्या होत्या. त्यांच्यासाठी काढलेल्या मेथिसिलिनलाही न जुमानणारा जंतू 1961 साली इंग्लंडात नोंदला गेला. शिवाय हा पाहुणा सुमारे तीस टक्के निरोगी माणसांच्या नाकात गुपचूप राहतो. म्हणून गळवे पुन्हा पुन्हा होऊ लागली, तर डॉक्टर कधीकधी मलम देतात ते नाकात लावायला, आणि तेही घरातल्या इतरांसकट.