नामशेष ठरलेले पाखरू

न्यूझीलंडच्या उत्तर भागात पक्षिनिरीक्षकांची सहल बहुधा दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा किनाऱ्यावरचा. ऑकलंडच्या आग्नेयेला मिरांडा येथे चिखलपट्टीपाशी थांबले, की भरतीचे पाणी चढेल तसतसे पक्षी जवळ सरकतात. अलास्काहून आलेले गॉडविट आणि उजवीकडे वळलेल्या चोचीचे रायबिल तेथे दिसतात. हे थवे मोजता येतात, दरवर्षी नोंदवता येतात. दुसरा टप्पा नौकेतून भर समुद्रात. तेथे ही सोय नाही.

या दुसऱ्या टप्प्यानेच विज्ञानाची एक चूक दुरुस्त केली. न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेल, म्हणजे वादळी पाखराची एक जात, एकोणिसाव्या शतकातील तीन नमुन्यांवरूनच माहीत होती. त्यांतील दोन पॅरिसच्या संग्रहालयात व एक इंग्लंडमध्ये आहे. शंभराहून अधिक वर्षे खात्रीची नोंद नसल्याने ही जात नामशेष मानली गेली.

२५ जानेवारी २००३ रोजी कोरोमंडल द्वीपकल्पाजवळच्या समुद्रात हौशी निरीक्षकांना एक काळे-पांढरे पाखरू दिसले. (आपल्या चोळमंडलाचेच हे नाव एका जहाजामार्फत तिकडे पोचले.) पांढऱ्या पोटावर गडद रेघा होत्या. छायाचित्रे निघाली, पण एका पक्ष्यावरून निष्कर्ष कसा काढणार? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिटल बॅरियर बेटाच्या उत्तरेला असे अनेक पक्षी एकत्र दिसले आणि शंका मावळली.

समुद्रात त्यांना जवळ आणायची युक्ती सोपी आहे. माशांचे तुकडे व तेल पाण्यात टाकतात. या कुळातील पक्ष्यांचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते. वासाच्या मागावर ते नौकेपर्यंत येतात.

मग प्रश्न उरला : हे पक्षी अंडी घालतात कोठे? समुद्रात पकडलेल्या पक्ष्यांना लहान रेडिओ-प्रेषक बसवून संशोधकांनी माग काढला. २०१३ साली उत्तर मिळाले : लिटल बॅरियर बेटावरच्या जंगलात. हे बेट एकोणिसाव्या शतकापासून अभयारण्य आहे. तेथे माणसांचा वावर होता, तरी पाखरू कोणाला दिसले नाही. कारण ते बिळात घरटे करते आणि रात्रीच्या अंधारातच जमिनीवर उतरते.

याच बेटावरून १९८० पर्यंत मांजरे आणि २००४ मध्ये उंदीर हटवले गेले होते. ही मोहीम या पाखरासाठी आखलेली नव्हती, तरी तिचा लाभ त्याला झाला असणार. मात्र योगायोगावर नेहमी विसंबता येत नाही. एखादी जात संपली असे ठरवले, की तिच्यासाठी कोणी वेळ व पैसा खर्च करीत नाही. चूक असेल तर ती जात खरोखरच संपू शकते.

वर्गात हा प्रसंग सांगताना विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवावा. ‘दिसले नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण कोठे, कोणत्या वेळी आणि किती वेळा पाहिले होते? याचे उत्तर दिल्याखेरीज ‘नाही’ हा शब्द लिहू नये.