कच्चं मडकं कोण? तेरच्या बैठकीतली मुक्ताई

इयरफोन नीट लावून घ्या, कारण आजची गोष्ट एका आवाजाची आहे.

उन्हाळ्यात माठ घ्यायला गेल्यावर आजी काय करते, आठवतंय? बोटं वाकवून माठ वाजवून बघते. खणखणीत वाजला तर माठ पक्का भाजलाय. बद्द वाजला तर कच्चा आहे, नाहीतर कुठंतरी तडा गेलाय. सातशे वर्षांपूर्वी एका मुलीनं हीच परीक्षा माणसांची घ्यायला लावली, अशी आठवण धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाशी जोडलेली आहे.

आधी गावाबद्दल थोडं. तेरणा नदीकाठचं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरची व्यापारपेठ म्हणून या तगरचं नाव येतं. इथल्या लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती, भांडी बघायला मिळतात. थोडक्यात, मातीला आकार देणं इथं फार जुनं. याच गावात तेराव्या शतकात संत गोरोबा कुंभार होऊन गेले. वारकरी त्यांना गोरोबाकाका म्हणतात, कारण त्या संतमंडळींत ते वयानं मोठे.

आता मुक्ताई. परंपरेप्रमाणे तिचा जन्म १२७९ चा. निवृत्ती, ज्ञानदेव आणि सोपान या तीन भावांच्या पाठीवरची ती धाकटी. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा संसारात आले, म्हणून अख्ख्या घराला वाळीत टाकलं गेलं. आईवडिलांनी देहत्याग केला, तरी मुलांवरचा ‘संन्याशाची पोरं’ हा शिक्का गेला नाही. विचार करा, समाजानं दाराबाहेर ठेवलेली ही पोर. ती समाजावर चिडून बसली असती तर कुणी दोष दिला असता का?

पण झालं उलटंच. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचं दार लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभं राहून त्यांची समजूत काढली ती मुक्ताईनं. तेच ‘ताटीचे अभंग’. ताटी म्हणजे झोपडीचं कुडाचं दार. जग रागावलं तरी आपण पाण्यासारखं शांत राहायचं, असं ही धाकटी बहीण मोठ्या भावाला सांगते. तिच्या अभंगांत निसर्गही असाच सहज येतो. एका कोड्यासारख्या अभंगात तर इवलीशी मुंगी थेट सूर्याशी जाऊन भिडते. सगळ्यात लहान जीव सगळ्यात मोठ्याला भारी पडतो. हे लिहिणारी स्वतः घरातली सगळ्यात लहान होती, हे विसरू नका.

चला, आता तेरला. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमलीत. मुक्ताईचं लक्ष कोपऱ्यातल्या थापटण्याकडं गेलं. थापटणं म्हणजे ओलं मडकं ठोकून घडवायचं कुंभाराचं लाकडी हत्यार. तिनं विचारलं, ‘काका, हे कशाला?’ काका म्हणाले, ‘मडकं कच्चं की पक्कं, ते यानं कळतं.’ त्यावर मुक्ताई म्हणाली, ‘मग आम्ही पण मडकीच की. बघा ना, कोण कच्चं राहिलंय!’

काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तसे ते चिडले. आपण विठ्ठलाचे लाडके, आपल्या कीर्तनाला पंढरपूर डोलतं, आणि आपल्या डोक्यावर थापटणं? काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं.

ही गोष्ट सांगताना ठिकाण आणि तपशील बदलतात. कुठं प्रश्न मुक्ताई विचारते, कुठं दुसरं कुणी. ही संतकथा आहे, कोर्टातला पुरावा नाही. पण एक हिशोब करून बघा. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, म्हणजे ही बैठक त्याच्या आधीची. तेव्हा मुक्ताई फार तर सतरा वर्षांची. नामदेव तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे आणि गाजलेले. त्या काळी अशा बैठकीत मुलीनं तोंड उघडणंच अवघड. इथं तर तिच्या प्रश्नावर एक कुंभार ब्राह्मणाच्या पोरांसकट सगळ्यांची परीक्षा घेतो आणि सगळे मान पुढं करतात! ही गोष्ट लोकांनी शेकडो वर्षं जपली, यातच तिचं मोल आहे.

तिला गाणं नको होतं असं नाही हं. ती स्वतः अभंग रचणारी. पण गळा गोड आहे म्हणून माणूस पक्का झाला, असं ती मानत नव्हती. माती आव्यात भाजल्याशिवाय वाजत नाही.

नामदेव दुखावून पंढरपूरला परतले. पण परंपरा सांगते की, पुढं ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं गेले आणि त्यांना गुरू केलं. त्यानंतरचा त्यांचा प्रवास पार पंजाबपर्यंतचा. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. कच्चं मडकं असं भाजून निघालं!

आणि मुक्ताई? कार्तिकात ज्ञानदेव गेले, पुढच्याच महिन्यात सासवडला सोपान. त्यानंतर काही महिन्यांत, १२९७ च्या वैशाखात, आजच्या जळगाव जिल्ह्यात तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली, असं सांगतात. वय अवघं अठरा. त्या भागातल्या एदलाबादचं नाव आज मुक्ताईनगर आहे. तिथून तिची पालखी दर वर्षी जालना, बीडवरून मराठवाडा ओलांडत पंढरपूरला जाते.

आता शेवटची गोष्ट, ज्यासाठी हा एपिसोड केला. या भावंडांच्या समाधीचं, मुक्ताईच्या त्या शेवटच्या दिवसाचं वर्णन आपल्यापर्यंत कुणी पोचवलं? ते अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. ज्याला भर बैठकीत ‘कच्चा’ ठरवलं गेलं, त्यानंच तिच्यासाठी रडून लिहिलं. तिनं रागानं नाही, आपलेपणानं विचारलं होतं, हे त्याला उमगलं असणार.

आपल्या ग्रुपमध्येही अशी एखादी असते. वयानं लहान, पण नेमकं बोट ठेवणारी. आपण तिला म्यूट करतो. पुढच्या वेळी जरा ऐकून बघा. आणि तेरला गेलात तर गोरोबाकाकांच्या समाधीपाशी क्षणभर डोळे मिटून स्वतःलाच एक टिचकी मारा. आवाज कसा येतो, ते मात्र आम्हाला नाही, स्वतःलाच सांगा.

भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!